‘बरं होतं सगळं’ या उत्तरापुढे काय विचारायचं: स्तनपानाच्या मदतीचं काम नव्याने हाती घेणाऱ्यांसाठी

“दवाखान्यात बाळाला पाजायला मदत मिळाली का?”

“हो, मिळाली. बरं होतं सगळं.”

आरोग्यसेविका, आशा, गटप्रवर्तक, समुदाय आरोग्य अधिकारी किंवा एखाद्या संस्थेची कार्यकर्ती म्हणून तुम्ही कोकणातल्या गावात नव्याने काम सुरू केलं असेल, तर हे उत्तर पहिल्या आठवड्यातच ऐकलं असणार. ते खोटं नसतं, पण त्याचा उपयोगही नसतो. बाळंतिणीच्या शेजारी सासू बसलेली असते. प्रश्न विचारणारी आशा तीच असते, जिने गरोदरपणापासून तिची नोंद ठेवली. दीड महिन्यांनी लसीला पुन्हा तिच्याकडेच जायचं असतं. अशा वेळी तोंड वाईट कोण करून घेईल? म्हणून अभिप्रायाच्या फॉर्मवर ‘समाधानी’च्या रकान्यात बरोबरच्या खुणांची रांग लागते आणि त्याच वाडीत दोन महिन्यांच्या बाळाच्या उशाशी पावडरचा डबा दिसतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातली ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाल्याची नोंद आहे. जन्मल्यावर पहिल्या तासात आईचं दूध मिळालेली बाळं मात्र ४१.८ टक्केच. म्हणजे त्या तासात बाई आपल्या डोळ्यांसमोर, आपल्याच खाटेवर असते, तरीही निम्म्याहून अधिक बाळांचा तो तास हुकतो. तो का हुकला, हे केसपेपरवर सापडत नाही. ते तिलाच विचारावं लागतं, आणि तिला सांगता येईल अशा रीतीने विचारावं लागतं.

आधी आपलीच मदत कागदावर मांडा

विचारायला जाण्यापूर्वी एका कोऱ्या कागदावर आई आपल्याला कुठे कुठे भेटते ते लिहून काढा. प्रसूतीची खोली, वॉर्ड, घरी सोडण्याची वेळ. मग आशाच्या घरभेटी: दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी, घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही. त्यानंतर दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसी. पुढे आशाच्याच ३, ६, ९, १२ आणि १५ महिन्यांच्या घरभेटी, शिवाय अंगणवाडीतला घरपोच आहार.

कागदावर सगळं भरगच्च दिसतं. आता त्यात माहेर-सासर घाला. पहिलं बाळंतपण माहेरी असतं, नोंद माहेरच्या उपकेंद्रात होते आणि भेटी तिथली आशा देते. सव्वा महिना झाला, तीन महिने झाले, की पोरगी सासरी निघते. सासर देवरुखला असेल, नाहीतर थेट नालासोपाऱ्याला. माहेरची आशा म्हणते, ती गेली. सासरच्या आशाला ती आल्याचं पुढच्या लसीच्या दिवशी कळतं. नेमक्या याच काळात नवं घर, नवी झोप, परत अंगावर पडलेली कामं आणि ‘आता वरचं दूध लावा’ म्हणणारी माणसं एकदम समोर येतात. माझ्या मते कोकणातल्या मदतीतलं सगळ्यात मोठं भगदाड हेच आहे. वॉर्डातल्या बायांना कितीही विचारा, ते दिसणार नाही. कारण वॉर्डातली बाई अजून त्यात पडलेलीच नसते.

कोणी विचारायचं

जिने मदत दिली तिने विचारू नये. शेजारच्या उपकेंद्राची आशा आणि तुमची आशा यांची गावं एका दिवसासाठी बदलून घ्या, तेवढं पुरतं. मालवणी, कुणबी किंवा कोकणी मुस्लिम घरातली बोली येणारी व्यक्ती मिळाली तर फारच छान. “दूध पुरना नाय” हे जसं सहज निघतं, तसं पुस्तकी मराठीतल्या प्रश्नाला उत्तर निघत नाही.

शक्य असेल तर दोघी जा. एकीने पडवीत सासूजवळ बसायचं. तिच्या वेळी काय करायचे, बाळगुटी कशी उगाळायचे, कोणते लाडू द्यायचे, हे मनापासून ऐकायचं (ऐकण्याचं नाटक केलंत तर पाच मिनिटांत ओळखलं जाल). दुसरीने आत, बाळंतिणीच्या खोलीत. सासूला बाहेर काढणं हा हेतू नव्हे. पाजण्याचे निम्मे निर्णय तीच घेत असते, तेव्हा तिचं म्हणणंही अभिप्रायच आहे. फक्त दोघींचं एकाच वेळी, एकाच खोलीत ऐकू नका.

तक्रारपेटीबद्दल एवढंच सांगते की तिची किल्ली कोणाकडे आहे ते आधी विचारून घ्या.

कधी विचारायचं

बाळ वर्षाचं झाल्यावर विचारलंत, तर आठवणी एकमेकींत मिसळलेल्या असतात. अडचण ताजी असताना जा: तिसऱ्या ते पाचव्या दिवसात, जेव्हा छाती भरून दगडासारखी होते, दुसऱ्या आठवड्यात, जेव्हा स्तनाग्रांना पडलेल्या चिरांमुळे पाजणं नकोसं होतं, दीड महिन्याच्या सुमारास, जेव्हा संध्याकाळी बाळ तासन्‌तास रडतं आणि घर ‘दूध कमी आहे’ असा निकाल देऊन मोकळं होतं, बाई कामावर परतते तेव्हा, आणि सहा महिने पूर्ण झाले की वरचं अन्न सुरू करताना.

लसीकरणाचा दिवस ही आयती संधी आहे. लस टोचल्यावर बाळाला अर्धा तास थांबवायचं असतं. आया रिकाम्या बसलेल्या असतात, बाळ रडतं म्हणून पाजतही असतात. त्या अर्ध्या तासात दोघींशी नीट बोलणं होतं. वीसजणींचे फॉर्म भरण्यापेक्षा ते मोलाचं.

ऋतूही बघा. जून-जुलैत वरच्या वाड्यांमध्ये लावणी चाललेली असते. दुपारी घरात फक्त म्हातारी आणि बाळ. तेव्हा जाणार असाल तर संध्याकाळी, पऱ्ह्याला (ओढ्याला) पाणी किती आहे ते बघून. त्याच दिवसांत, १ जून ते ३१ जुलै, यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते आणि बंदरालगतच्या वस्तीत बायकांना बोलायला जरा उसंत मिळते. एरवी हर्णैला लिलावाच्या वेळी कुणा कोळणीला थांबवून “स्तनपानाबद्दल दोन मिनिटं” म्हणालात, तर काय ऐकावं लागेल ते मी इथे लिहीत नाही.

फोनवर विचारायचं ठरवलंत तर एक गोष्ट तपासा. नोंदवहीतला नंबर बहुधा नवऱ्याचा असतो आणि नवरा मुंबईला, बोटीवर किंवा आखातात. “काय गडबड नाय ना?” म्हणून तो बिचारा घाबरतो आणि बाईपर्यंत प्रश्न पोचतच नाही. पहिल्याच भेटीत तिचा स्वतःचा नंबर घ्या, तिच्या खोलीत रेंज कधी येते तेही विचारून ठेवा.

काय विचारायचं

एकच सूत्र लक्षात ठेवा: कसं वाटलं ते विचारू नका, काय काय झालं ते विचारा. ‘मदत चांगली होती का?’ या प्रश्नात दवाखान्याची परीक्षा आहे आणि तिला परीक्षक व्हायचं नाही. ‘बाळ पहिल्यांदा तुझ्याजवळ कोणी आणून दिलं?’ या प्रश्नात फक्त आठवण आहे. ती सांगायला तिला भीती नसते, उलट बाळंतपणाची गोष्ट सांगायला प्रत्येकीला आवडतं.

म्हणून प्रश्न असे घ्या. बाळ झाल्यावर त्याला कुठे ठेवलं होतं? पहिल्यांदा पाजलंस तेव्हा तुझ्याजवळ कोण होतं, त्यांनी हात लावून दाखवलं की तोंडी सांगितलं? आईच्या दुधाआधी बाळाला काही चाटवलं का, मध, साखरेचं पाणी? (हा शेवटचा प्रश्न कपाळाला आठी न घालता विचारा. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये हे सांगायचंच आहे, पण गोष्ट पूर्ण ऐकून झाल्यावर.) घरी आल्यावर सगळ्यात वाईट रात्र कोणती होती? त्या रात्री कोणाला विचारावंसं वाटलं? विचारता आलं का? गाव बदललं तेव्हा बाळाची चौकशी करायला कोण आलं? तुझ्या जावेला किंवा बहिणीला बाळ होणार असेल, तर कशापासून सावध राहायला सांगशील?

आणि ‘दूध पुरत नाही’ हे वाक्य आलं की तिथेच सल्ला देऊन मोकळ्या होऊ नका. ते उत्तर अर्धंच असतं, त्याचा माग काढा. पहिल्यांदा कधी वाटलं? तिसऱ्या रात्री. कशावरून? बाळ सोडायचं, परत रडायचं. जवळ कोण होतं? आई. मग? आईने सिस्टरला उठवलं, त्या म्हणाल्या पाजत राहा. कशी पाजत होतीस? उताणी पडून, सिझरच्या टाक्यांमुळे कुशीला वळता येत नव्हतं. मग? पहाटे भावाने समोरच्या मेडिकलमधून डबा आणला.

अशा गोष्टीत दूध कमी असल्याचा एकही पुरावा नाही. सिझर झालेल्या बाईला कुशीवर वळवून, पाठीला उशी देऊन पाजायला कोणी शिकवलं नाही, हे मात्र स्पष्ट आहे. रात्रपाळीला हे शिकवता येईल असं माणूस नव्हतं, आणि ‘पाजत राहा’ हा सल्ला बरोबर असूनही बिनकामाचा ठरला. फॉर्मवर याचं ‘दूध अपुरं’ एवढंच झालं असतं.

बाळाला पुरतंय का, हे बघायची साधी खूण तुमच्याजवळ असू द्या: पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा लघवी आणि दोन आठवड्यांपर्यंत जन्माचं वजन परत भरून येणं.

पाजताना बघा

बाई हरकत घेत नसेल तर एकदा पाजताना बघा, कारण तिला सांगता न येणारा अभिप्राय तिथे दिसतो. बाळाचं तोंड मोठं उघडलेलं आहे का, हनुवटी स्तनाला टेकली आहे का, खालचा ओठ बाहेर वळलेला आहे का, स्तनाग्राभोवतीचा काळसर भाग तोंडाच्या वर जास्त आणि खाली कमी दिसतो का. बाळाचं डोकं आणि अंग एका रेषेत, तिच्या पोटाला चिकटून. बाळ नुसतं टोक चोखत असेल तर तिला दुखणार आणि दूधही नीट निघणार नाही.

हे दुरुस्त करून द्या, ते कामच आहे. पण नोंदही ठेवा. एकाच दवाखान्यातून आलेल्या चारजणी तशाच, नुसतं टोक तोंडात देऊन पाजताना दिसल्या, तर तो दोष त्या चौघींचा नाही. त्या वॉर्डात कोणीतरी चुकीचं दाखवतंय, नाहीतर दाखवतच नाहीये.

विचारणं थांबवायची वेळ

बोलता बोलता कळलं की बाळाने सकाळपासून लघवी केलेली नाही, ते सुस्त आहे, ओढत नाही, अंग तापलंय किंवा थंडगार पडलंय, तर वही मिटा आणि दवाखान्याची सोय करा, १०८ ला फोन लावा. आईला ताप आणि छातीचा एक भाग लाल, दुखरा असेल तर तिला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या, आणि पाजणं बंद करू नको हे सांगा. ती सारखी रडत असेल, ‘मला बाळाजवळ जावंसंच वाटत नाही’ म्हणत असेल, तर ते थकव्यावर ढकलू नका. डॉक्टरांना कळवा, टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर द्या. जिवाचं काही बरंवाईट करण्याचं तिच्या बोलण्यात आलं तर मात्र तिला एकटं सोडून उठू नका.

लिहायचं कसं

तिचे शब्द जसेच्या तसे, मालवणीत असले तर मालवणीत. ‘समुपदेशनाचा अभाव’ असं लिहिलंत की त्यातून पुढे कोणालाच काही करता येत नाही. ‘सिस्टर चांगल्या होत्या पण दारात पुरुष उभे असायचे, पदर कसा काढू’ असं लिहिलंत तर पडदा लावता येतो.

नाव लिहू नका. वाडीचं नाव लिहितानाही विचार करा, सात घरांच्या वाडीत बाळंतीण एकच असते. सुरुवातीलाच तिला सांगा की हे कशासाठी विचारतोय, वही कोण बघेल, आणि बोलायचं नसेल तरी लस, आहार, कशातच फरक पडणार नाही. डबा वापरणाऱ्या आईला अपराध्यासारखं वागवलंत, तर पुढची आई डबा कपाटात लपवून तुमच्याशी बोलेल.

किती जणींशी बोलायचं? आठ-दहा जणींनंतर त्याच त्या गोष्टी कानावर यायला लागतात. मग आकडा वाढवण्यापेक्षा कोण राहिलं ते शोधा: कातकरी वाडीतल्या बायका, आंब्याच्या बागेत राखणीला राहणारी नेपाळी कुटुंबं, खाजगीत बाळंतपण झालेल्या, ज्यांचं बाळ नवजात शिशू कक्षात होतं त्या. आपल्या मीटिंगला कधीच न येणाऱ्यांना काय म्हणायचंय, ते मीटिंगमध्ये कसं कळणार?

वाटणी आणि निवड

सगळी वाक्यं चिठ्ठ्यांवर उतरवा आणि जमिनीवर मांडा: प्रसूतीच्या खोलीतली, वॉर्डातली, घरी आल्यावरची, गाव बदलल्यावरची, कामावरची, पेज-भात सुरू करतानाची. मग प्रत्येक चिठ्ठीवर लिहा, हे कोणाच्या हातात आहे. काही आपल्याच: भेटीची वेळ बदलणं, सासरच्या आशाला फोन करणं. काही प्राथमिक आरोग्य केंद्राच्या: पडदा, रात्रपाळीचं प्रशिक्षण, यासाठी रुग्ण कल्याण समितीपुढे जा. गावातल्या छोट्या खर्चासाठी ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीकडे अबंधित निधी (गावाच्या गरजेप्रमाणे वापरता येणारे पैसे) असतो. वर न्यायच्या गोष्टी वर न्या. २०१६ पासून स्तनपानाला बळ देणारा केंद्र सरकारचा ‘माँ’ कार्यक्रम चालू आहे, त्यात दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यांचं स्तनपानाचं प्रशिक्षण येतंच, तेव्हा तुम्ही जगावेगळं काही मागत नाही. कोणी ‘बायकांच्या बोलण्यावर काय विसंबायचं’ म्हणालं, तर जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या २०१८ च्या, दवाखान्यात स्तनपान यशस्वी होण्यासाठीच्या दहा पायऱ्यांच्या मार्गदर्शिकेकडे बोट दाखवा. तिथे दवाखान्याच्या बऱ्याच कसोट्या ‘किमान ८० टक्के माता असं सांगतात’ अशाच भाषेत मांडल्या आहेत.

एका प्रकारची चिठ्ठी वेगळी काढा: ‘दवाखान्यात अमुक कंपनीचा डबा फुकट दिला’ किंवा ‘कंपनीच्या माणसाने नंबर घेतला’. हा सुधारणेचा नाही, कायद्याचा मामला आहे. बाळाच्या पर्यायी दुधाची जाहिरात आणि फुकट नमुने १९९२ च्या कायद्याने बंद केले आहेत आणि २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. अशी गोष्ट वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी कळवा, बाईचं नाव न घालता.

आता बाकीच्यातून एकच गोष्ट निवडा. खरंच एकच. जी तुम्हाला पुढच्या महिन्यात करता येईल.

बदल छोटा, पण दिसणारा

वरच्या अन्नाचं उदाहरण घेऊ, कारण तिथे आपण सगळेच कमी पडतो. त्याच सर्वेक्षणात ६ ते २३ महिन्यांच्या बाळांपैकी पुरेसा आहार मिळणारी ११.३ टक्केच आहेत. आयांना विचारलंत तर ‘सहा महिने झाले की पेज द्या’ हे सांगितल्याचं त्या म्हणतील. पुढे ‘कसली पेज, किती घट्ट?’ विचारा. बहुतेकदा ते वरचं पाणी निघतं, निवळ. पोट भरतं, अंगी काही लागत नाही. तेव्हा बदल असा: घरपोच आहार वाटायच्या दिवशी अंगणवाडीत चूल मांडा. उकड्या तांदळाचा मऊ भात आणि मुगाची डाळ कुस्करून त्यात चमचाभर तूप किंवा खोबरेल, दुसऱ्या वाटीत नाचणीचं सत्त्व. चमचा तिरका केला तर अन्न ओघळून पडता कामा नये, हे एकेकीच्या हातात चमचा देऊन दाखवा. मासे खाणाऱ्या घरांत, ‘काटा लागेल’ म्हणून वर्षभर लांब ठेवलेला मासा बोटांनी चाचपून, काटे काढून, कुस्करून कसा द्यायचा तेही. सासवांना बोलवायला विसरू नका, चमचा त्यांच्याच हातात असतो.

कामावर जाणाऱ्या आयांचं गणित वेगळं. सिंधुदुर्गातल्या काजू कारखान्यांत सोलणीचे पैसे अनेक ठिकाणी किलोवर मिळतात. बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजण्याची सुट्टी कायद्याने १९६१ पासून दिली आहे. पण उठलं की किलो कमी होतो, म्हणून बाई उठत नाही. तिला ‘सुट्टी घे’ सांगण्याआधी हे तिच्या तोंडून ऐका, मग मालकाशी काय बोलायचं ते सुचेल. तोपर्यंत स्वच्छ हाताने दूध काढून झाकणाच्या स्टीलच्या भांड्यात ठेवणं, आपल्याकडच्या उकाड्यात चार तासांच्या आत वाटी-चमच्याने पाजणं आणि बाटली टाळणं, एवढं तिला आणि बाळ सांभाळणाऱ्या आजीला शिकवता येतं.

बदल केल्यावर मोजा, पण एकच मोजमाप ठेवा. गाव बदलणाऱ्या बाळंतिणींपैकी कितीजणींकडे आठवड्याच्या आत सासरची आशा पोचली, असं काहीतरी. महिन्याच्या मीटिंगला तेवढंच वाचून दाखवा.

परत जा

ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात. जिने पडद्याबद्दल सांगितलं होतं, तिच्याकडे जाऊन सांगा: “तू म्हणालीस ना, म्हणून पडदा लावलाय.” झालं नसेल तर तेही सांगा, कोणाकडे अडलंय त्यासकट. पुढच्या खेपेला तीच तुम्हाला शेजारणीकडे घेऊन जाते आणि मग ‘बरं होतं सगळं’ ऐकायला मिळत नाही. चांगलं घडलेलंही परत पोचवा. रात्री दोनला उठून बाळ छातीशी लावून देणाऱ्या सिस्टरचं नाव बाई आपणहून घेते. ते वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या कानावर त्या सिस्टरसमोर घाला.

तुमची बदली होईल तेव्हा वही टेबलाच्या खणात टाकून जाऊ नका. अर्धवट राहिलेला बदल, कोणाला काय शब्द दिलाय आणि पुढचं विचारणं कधी ठरलंय, एवढं पहिल्या पानावर लिहून नव्या माणसाच्या हातात द्या. जमलं तर त्यांना घेऊन एका लसीच्या दिवशी त्या अर्ध्या तासात बसा.